बॅटरी कोण पितंय?

मंडळी, दीड महिना झाला, इथे काही लिहिलं नाही. परवा पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, तब्येत बरी आहे ना? बरेच दिवसांत काही वाचायला नाही मिळालं." तब्येत ठणठणीत आहे. आजारी होती ती आमची पद्मिनी. आणि तिच्या आजारपणात माझ्याकडून एक चूक झाली, ती लिहावी की नाही याचा विचार करण्यात बाकीचे दिवस गेले. सौ. म्हणाली, "इतरांच्या चुका इतकी वर्षं लाल शाईने लिहिल्यात, आता स्वतःची एकदा लिहा." म्हणून बसलोय.

नात्यातल्या लोकांना गाडी माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. कागदावर नाव पद्मिनी, पण आमच्या पिढीच्या तोंडात ती 'फियाट'च. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून सगळ्या देशाला ठाऊक असलेली हीच ती गाडी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून हळहळलो होतो.

आमची गाडी मी १९८९ साली कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढून. इचलकरंजीत मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तराने चारचाकी घेणं म्हणजे तेव्हा बातमी होती. शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मुलांची मुंज, लेकीची पाठवणी, आईला शेवटचं दवाखान्यात नेणं, सगळं याच गाडीत झालं. आता ती आठवड्यातून दोनदा बाहेर पडते. रविवारी सकाळी गावात एक चक्कर, आणि गुरुवारी नृसिंहवाडी. वीसेक किलोमीटर जायचं, दत्ताचं दर्शन घ्यायचं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जरा बसायचं, कवठाची बर्फी घेऊन परत. सौ.चे गुडघे एसटीत चढू देत नाहीत, त्यामुळे गाडी नाही तर वाडी नाही, असा सरळ हिशेब आहे.

तर जूनच्या पहिल्या गुरुवारी सकाळी सहा वाजता आम्ही आवरून बसलो, किल्ली फिरवली, आणि काहीच नाही. आधी वाटलं किल्ली नीट बसली नाही. पुन्हा फिरवली. बॉनेटखालून एक बारीकसा 'खट' आला आणि गप्प. हॉर्न दाबला तर मेलेल्या कोंबड्यासारखा आवाज. बॅटरी पार उतरलेली.

शेजारच्या दोन पोरांनी धक्का दिला, गाडी चालू झाली. पुढे आठ-दहा दिवस ठीक गेले असं मला वाटलं. खरं तर त्या दिवसांत पाहुणे होते म्हणून गाडी रोज फिरत होती, पण हे तेव्हा डोक्यात आलं नाही. पाहुणे गेले आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. चार्जर आणून रात्रभर बॅटरी भरली, रविवारी गाडी उत्तम चालली, गुरुवारी पुन्हा 'खट'.

आता बॅटरी जुनी असती तर मी नशिबाला बोल लावला असता. पण ती जानेवारीत घेतलेली, सहा महिन्यांचीही नाही. आणि घेतली होती माझ्याच एका विद्यार्थ्याच्या दुकानातून. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला ते आवडायचं नाही. स्टँडच्या पलीकडे ऑटो इलेक्ट्रिशियनचं छोटं दुकान आहे त्याचं. १९९४-९५ च्या सुमारास माझ्या वर्गात आठवीला होता. दहावी दुसऱ्या खेपेला कशीबशी पास झाला आणि शाळा सुटली.

मी बॅटरी रिक्षात घालून त्याच्या दुकानात गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं होती. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, बॅटरी चार्जिंगला लावली आणि म्हणाला, "सर, उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी गेलो. त्याने माझ्यासमोर मीटर लावून दाखवला, १२.६ व्होल्ट. मग लोड टेस्टर लावला. "सर, बॅटरी चांगली आहे. गाडीत काहीतरी करंट खातंय. एकदा गाडी घेऊन या, बघूया की."

इथे मी चुकलो. मला वाटलं हा बदलून द्यायचं टाळतोय. गाडीची वायरिंग मी तीन वर्षांपूर्वीच नवीन करून घेतलेली, गाडी माझ्या हातातली, तिच्यात खोट कशी असेल? मी आवाज चढवला. म्हणालो, "अरे, गिऱ्हाईकाला फसवतोस ते फसवतोस, मास्तरलाही?" तो काही बोलला नाही. आणि त्याचं ते गप्प राहणं मला कबुलीसारखं वाटलं म्हणून मी पुढचं वाक्य बोललो. "शाळेतही तू असाच होतास."

दुकान एकदम शांत झालं. त्याच्याकडे शिकाऊ म्हणून असलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा खाली बघायला लागला. माझा विद्यार्थी आत गेला, दुसरी बॅटरी घेऊन आला, पुसली आणि रिक्षात ठेवून दिली. "सर, ही वापरून बघा." पैशाचं नावही काढलं नाही.

घरी येताना मी विजयी मुद्रेने आलो होतो, हे लिहायला लाज वाटते, पण आलो होतो.

पुढच्या गुरुवारी सकाळी सहा वाजता किल्ली फिरवली. 'खट'.

सौ. मागच्या सीटवर नारळ आणि फुलांची पिशवी घेऊन बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, दोन्ही बॅटऱ्या कशा हो वाईट असतील?" मराठीच्या मास्तरला तर्कशास्त्र शिकवायला एवढं एक वाक्य पुरलं. त्या दिवशी वाडी झाली नाही.

त्याला फोन करायला मला दोन दिवस लागले. केला तेव्हा गोल गोल बोललो, "ती बॅटरीसुद्धा उतरली रे..." तो म्हणाला, "येतो सर. दुकान बंद करून रात्री येतो." मी म्हटलं रात्री कशाला, दिवसा ये. तर म्हणाला, "दिवसा गिऱ्हाईक असतंय. आणि असला आजार अंधारातच बरा दिसतो."

आठ वाजता आला. सोबत एक पिशवी, तिच्यात मीटर, चिमटे आणि दोन वायरी जोडलेला एक साधा बल्ब. आमची धाकटी नात सुट्टीला आली होती, तीही पोर्चमध्ये येऊन उभी राहिली. इथून पुढचा भाग ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी नीट वाचावा, कारण मला तो सत्तरी ओलांडल्यावर कळला आणि तो अजिबात अवघड नाही.

त्याने आधी गाडी पूर्ण बंद केली. किल्ली काढली, दारं लावली, आतला दिवा बंद असल्याची खात्री केली, डिकी बंद. मग बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवली. त्या वायरीच्या आणि बॅटरीच्या मध्ये त्याने आपला बल्ब जोडला. "सर, आता बॅटरीतून जे काही जाईल ते या बल्बमधूनच जाणार. दुसरी वाटच ठेवली नाही. गाडी खरंच झोपली असेल तर बल्ब पेटायचा नाही."

बल्ब पेटला. मंद होता, पण अंधारात स्वच्छ दिसला.

मग बल्ब काढून त्याच जागी मीटर लावला. त्याने मला सावध केलं, की मीटरची तार दहा अँपिअरच्या भोकात घालायची, आणि मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटर गेलाच म्हणून समजा. आकडा आला ०.४१.

"एवढासा?" मी म्हटलं. अर्धा अँपिअरसुद्धा नाही.

"एवढासाच सर. पण चोवीस तास." मग त्याने मला त्रैराशिक घातलं. मला! बॅटरी पस्तीस एएचची, म्हणजे सोप्या भाषेत एक अँपिअरने पस्तीस तास पुरणारी. ०.४१ ने किती? नातीने मोबाईलवर भागाकार केला, पंच्याऐंशी तास. साडेतीन दिवस. रविवारी सकाळी भरलेली गाडी बुधवारी रात्री रिकामी. आणि गुरुवारी सहा वाजता आम्ही फुलं-नारळ घेऊन हजर! पाहुणे होते तेव्हा काही झालं नाही, कारण रोज गाडी फिरत होती आणि जेवढं जात होतं तेवढं भरून निघत होतं. सगळ्या तारखा जुळल्या. टाकीला बारीक गळती असावी आणि आपण टाकीच बदलत बसावं, तसं मी करत होतो.

नव्या गाड्यांत म्हणे बंद असतानाही थोडा करंट जातोच. त्यांच्यात छोटे संगणक असतात, गजर असतात, त्यामुळे साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. पण आमच्या पद्मिनीत संगणक सोडाच, चालू घड्याळसुद्धा नाही. तिचा आकडा शून्यच हवा. म्हणजे ०.४१ चा मालक कुठेतरी होता.

पहिला संशय डायनॅमोवर. आमच्या गाडीला अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे, आणि त्याच्यासोबत कटआउट नावाची एक डबी असते. इंजिन बंद झालं की ती डबी डायनॅमोची आणि बॅटरीची वाट तोडते. तिच्यातले पॉइंट चिकटले तर बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होते. पण तसं असतं तर करंट खूप जास्त गेला असता आणि डायनॅमो गरम लागला असता. त्याने हात लावून बघितला, गार. तरी वायर सोडवून खात्री केली. आकडा ०.४१.

मग फ्यूज. एकेक फ्यूज काढायचा, मीटर बघायचा, परत लावायचा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्याच्या वायरीत चोर. नातीने मीटर वाचायचं काम घेतलं. "पॉइंट फोर वन... पॉइंट फोर वन... पॉइंट फोर वन." सगळे फ्यूज झाले, आकडा हलला नाही. मी म्हटलं झालं, आता काय! तो मात्र खूश दिसला. "बरं झालं सर. म्हणजे फ्यूजबॉक्समधून न जाणारी वायर. कुणीतरी नंतर टाकलेली. काय काय जादा बसवलंय गाडीत?"

कॅसेट प्लेअर होता, तो २००८ मध्येच काढला. फॉगलॅम्प कधी लावले नाहीत. मग आठवलं, डिकीत दिवा आहे. वाडीहून परतताना अंधारात पिशव्या दिसत नाहीत म्हणून मीच वायर ओढून घेतली होती, थेट बॅटरीवरून. त्याला फ्रिजसारखं दाबाचं बटण आहे. डिकी उघडली की दिवा लागतो, बंद केली की विझतो.

"विझतो?"

"विझतो म्हणजे काय, बंद केली की विझतो."

"बघितलाय का सर विझलेला?"

मी म्हटलं, "अरे, बंद डिकीच्या आत कसं बघणार?"

यावर आमची नात म्हणाली, "आबा, थांबा." तिने आपल्या मोबाईलवर व्हिडिओ चालू केला, मोबाईल डिकीत उभा ठेवला, डिकी लावली. आम्ही तिघं बाहेर गप्प उभे. दहापर्यंत मोजलं, डिकी उघडली, आणि तो व्हिडिओ तिघांनी डोकी एकत्र करून बघितला. झाकण खाली येताना दिसतं, धाप्पकन आवाज होतो, बाहेरचा उजेड जातो... आणि आत दिवा छान जळत असतो. स्टेपनी, जॅक, सौ.ची जुनी चटई, सगळं लख्ख!

त्याने दिव्यातला बल्ब उपटला. बोटं भाजली म्हणून झटकली. नात मीटरकडे धावली. "झिरो! झिरो पॉइंट झिरो झिरो!"

पाच वॅटचा बल्ब. बारा व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर. हिशेब पूर्ण.

पण मग प्रश्न आला, हा दिवा गेली कित्येक वर्षं नीट विझत होता, आताच का नाही? त्याने डिकीच्या कडेवरून बोट फिरवलं. "सर, हे बीडिंग नवीन दिसतंय." हो. मे महिन्यात पावसाआधी मीच बदललं होतं. जुनं रबर चपटं होऊन पाणी आत यायचं, म्हणून बाजारातून मीटरवर मिळणारं जाड रबर आणून स्वतः चिकटवलं होतं, आणि मोठ्या अभिमानाने सगळ्यांना दाखवलंही होतं. त्या जाड रबरामुळे झाकण दोन-तीन मिलिमीटर वर राहत होतं. कडी लागत होती, पण बटण पूर्ण दाबलं जात नव्हतं.

मे महिन्यात रबर, जूनमध्ये बॅटरी. सलग दोन महिने. आणि त्याने दुकानात त्या दिवशी विचारलं असतं की गाडीत अलीकडे काय बदललं, तर मी ठणकावून सांगितलं असतं, काही नाही. रबराचा आणि विजेचा काय संबंध?

त्याने त्याच्या पिशवीतून जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापला आणि झाकणाला आतून, बटणाच्या बरोबर वर, चिकटवला. पुन्हा मोबाईल डिकीत. व्हिडिओत धाप्पकन आवाज आणि काळोख. खर्च शून्य रुपये.

सौ.ने पोहे केले होते. पोर्चच्या पायरीवर बसून खाताना त्याला म्हटलं, "तुला सुरुवातीपासून कळलं होतं, करंट कुणीतरी खातंय." तो म्हणाला, "सर, दिवसा गाडी चांगली चालते, सकाळी उठत नाही, म्हणजे रात्री काहीतरी चालू असतंय. दुसरं काय?"

तो अगदी सहज बोलला. टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण 'सकाळी उठत नाही' हे वाक्य मी याच मुलाबद्दल शेकडो वेळा बोललो होतो. आमची शाळा सकाळी सातची. हा मागच्या बाकावर, पहिल्याच तासाला डोकं टेकलेलं. मी खडू मारायचो. उभा करायचो. "शाळेतही तू असाच होतास" याचा माझ्या मनातला अर्थ एवढाच होता, की आळशी, कामचुकार. मी विचारलं, "तू वर्गात झोपायचास. का रे?"

तो हसला. "कांड्या भरायचो की सर."

इचलकरंजीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हे गाव मागांचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावाचा श्वासच तो खडखडाट झाला. मागाच्या धोट्यात आडव्या धाग्याची जी छोटी नळी असते ती कांडी. त्या सतत भरून द्याव्या लागतात. याचे वडील रात्रपाळीला मागावर, आणि हा त्यांच्याबरोबर कांड्या भरायला. रात्री एक-दोन वाजेपर्यंत. तेरा वर्षांचा मुलगा. मग चार तास झोप आणि सातला शाळा.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं सर? तुम्ही वडलांना बोलावलं असतं. त्यांनी मला मारलं असतं, आणि काम तर सुटलं नसतंच." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही मागच्या बाकाजवळ उभा करायचा ना, ते बरं होतं. भिंतीला टेकून उभ्यानं झोपायला यायचं."

मग त्याने प्रगतिपुस्तकाची गोष्ट सांगितली. मी शेरा लिहिला होता, 'आळशी. अभ्यासाकडे दुर्लक्ष.' वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, सरांनी काय लिहिलंय? याने सांगितलं, 'हुशार आहे, मेहनती आहे.' वडिलांनी अंगठा उठवला आणि त्या दिवशी त्याला भजी खायला घातली. हे सांगताना तो मनापासून हसत होता, नातही हसली. मीही हसलो, पण मला ते जमलं नाही.

मी काही स्वतःला फार वाईट शिक्षक म्हणणार नाही. एका वर्गात साठ मुलं असायची, आणि झोपणारं प्रत्येक पोर काही रात्रपाळीला जात नव्हतं. काही खरंच आळशी होती. पण हा कोणत्या प्रकारचा, हे मी बघितलं नव्हतं. मी बटण दाबलं गेलं असेल असं धरून चाललो होतो. आणि तीस वर्षांनी भरल्या दुकानात त्याच न बघितलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून उपयोग केला.

त्या रात्री तो गेल्यावर मी सौ.ला म्हटलं, उद्या फोन करून त्याची माफी मागतो. ती ताटं आवरत होती. म्हणाली, "बोललात तेव्हा दुकानात चार माणसं होती. माफी फोनवर कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेलो. मुद्दाम गर्दीच्या वेळी. खरं सांगतो, दुकानासमोरून एकदा तसाच पुढे गेलो आणि कोपऱ्यावरून परत आलो. त्याचा तो शिकाऊ मुलगा होता, एक रिक्षावाले होते, आणखी दोघं. मी उभा राहूनच बोललो. म्हटलं, "परवा मी याला इथे फसवणारा म्हणालो. बॅटरी चांगली होती, चूक माझ्या गाडीत होती आणि ती मीच केलेली होती. आणि हा शाळेत असाच होता म्हणालो, तेही मला माहीत नसताना बोललो. मी चुकलो."

पन्नास वेळा मनात घोकलेलं भाषण होतं, पण इतकंच बाहेर आलं. तो इतका अवघडला की खुर्ची पुसायला लागला. "सर, बसा की. काय हे. ए, चहा सांग." रिक्षावाले काका कुणाला तरी फोन लावल्यासारखं करून बाहेर गेले. शिकाऊ मुलगा माझ्याकडे बघत होता.

बॅटरीचे पैसे द्यायला मात्र भांडावं लागलं. तो म्हणाला, पहिली बॅटरी परत घेतो, ती चांगलीच आहे. पण त्यानेच मला आदल्या रात्री समजावलं होतं, की अशी पार रिकामी होत राहिली की बॅटरीचं आयुष्य कमी होतं, पुन्हा भरली तरी पहिल्यासारखी राहत नाही. ती मी तीन वेळा रिकामी केली होती. शेवटी पहिली माझ्या गाडीत परत आली, आणि एका खेपेला मी रिकामी केलेल्या दुसऱ्या बॅटरीची अर्धी किंमत त्याने कशीबशी घेतली. रात्री येऊन केलेल्या कामाचे पैसे घेतलेच नाहीत. मग सौ.ने डबाभर रव्याचे लाडू पाठवले, ते घेतले.

त्यानंतरचे तीन गुरुवार गाडी पहिल्या सेल्फला उठली आहे. वाडीला आता संगमाचं पाणी चढलंय, पायऱ्या बुडाल्यात, तरी जाऊन आलो.

ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी, वहीत लिहून ठेवलंय तसं देतो. बॅटरी उतरली तर आधी ती पूर्ण भरून तपासून घ्या. १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवत असेल आणि लोड टेस्टला टिकत असेल, तर तिला दोष देऊ नका. मग निगेटिव्ह वायरीत मीटर लावून बंद गाडीचा करंट मोजा. फ्यूज एकेक काढा. त्यातून सापडलं नाही तर नंतर बसवलेल्या वस्तू बघा. आणि मेकॅनिकने 'अलीकडे काय बदललं' विचारलं तर रबर, चटई, पडदा, सगळं सांगा. संबंध आहे की नाही ते त्याला ठरवू द्या.

आणि डिकीत दिवा असेल तर मोबाईल आत ठेवून एकदा बघाच. काल नातीने फोनवर विचारलं, "आबा, परत बघितलंत का?" बघितलं. विझतोय.